आत्या, खोली रिकामीच आहे ना!

पत्र : मी निवृत्त शिक्षिका आहे. तीस वर्षं विज्ञान शिकवलं. माझा भाचा संगणक शिकून नोकरीला लागला आहे. त्याला माझ्या घराच्या खालच्या रिकाम्या खोलीत बिटकॉइनचं मायनिंग करणारी चार यंत्रं बसवायची आहेत. यंत्रं त्याची, खोली आणि वीज माझी, जे मिळेल त्यातला निम्मा वाटा माझा, असं त्याचं म्हणणं. तो म्हणतो, 'आत्या, खोली रिकामीच आहे ना! हा पैसा कुठल्या बँकेच्या, सरकारच्या हातात नाही. आपलाही त्याला हातभार लागेल.' त्याची धाकटी बहीण म्हणते की या नाण्यांपायी एखाद्या देशाला पुरेल एवढी वीज जळते, आणि एकेका व्यवहाराला एका घराची कित्येक आठवड्यांची वीज लागते. मी जन्मभर मुलांना सांगत आले की वर्गातून निघताना दिवे-पंखे बंद करा. मला यातलं फार कळत नाही, पण भाच्याचं मनही मोडवत नाही. हो म्हणू की नाही? आणि दोघांत खरं कोण बोलतंय? – एक आत्या

बाई, सप्रेम नमस्कार.

खोली देऊ नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल. भाच्याला न दुखावता नाही कसं म्हणायचं, तेही सांगते. त्याच्या बोलण्यात एक फार खरी गोष्ट आहे आणि ती तुमच्या नकारासोबत वाहून जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तो म्हणतोय तसं एक यंत्र मी जवळून पाहिलं आहे. ओळखीतल्या एका मुलाने ते माळ्यावर बसवलं होतं. बुटांच्या खोक्याहून थोडं मोठं धातूचं धूड, पुढे दोन पंखे, मागे दोन. चालू करण्याआधी तो म्हणाला, 'काही बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घ्या.' मग बटण दाबलं. आवाज चढत चढत गेला आणि एका कर्कश पट्टीत स्थिरावला. मागे हात धरला तर भट्टीच्या तोंडाशी धरल्यासारखी गरम हवा. दाराच्या फटीत त्याने जुनी चादर कोंबली होती, तरी जिन्यात उभं राहून बोलताना आम्हाला आवाज चढवावा लागत होता. तीन महिने घरात कुणाला धड झोप लागली नाही, मग त्याने ते विकून टाकलं.

तुमच्या खोलीत अशी चार येणार. आता हिशेब करू. तुम्ही विज्ञानाच्या बाई, तेव्हा आकडेमोडीला कंटाळणार नाही.

सध्याचं चांगल्यापैकी एक यंत्र सुमारे ३,५०० वॉट घेतं आणि रात्रंदिवस चालतं. म्हणजे दिवसाला ८४ युनिट. चार यंत्रांचे ३३६, आणि महिन्याचे दहा हजारांवर. घरातली वायरिंग इतका भार अखंड सोसण्यासाठी केलेली नसते, हा धोका तर वेगळाच. या विजेच्या बदल्यात मिळतं काय? असं एक यंत्र सेकंदाला सुमारे २०० टेराहॅश, म्हणजे एका कोड्याची किल्ली शोधायचे २०० लाख कोटी प्रयत्न करतं. जगभरातल्या सगळ्या यंत्रांची मिळून ताकद २०२५ मध्ये एक झेटाहॅशच्या, म्हणजे शंभर कोटी टेराहॅशच्या, घरात पोहोचली. त्याचा अर्थ, अशी पन्नास लाख यंत्रं जगात चालू आहेत असं समजा आणि त्यातलं एक तुमचं. दर दहा मिनिटांना एकाला बक्षीस लागतं, दिवसाला १४४ वेळा. तुमच्या एका यंत्राची पाळी सरासरीने ९५ वर्षांनी येईल.

एवढं कोण थांबणार? म्हणून लोक आपली ताकद एकत्र करतात आणि बक्षीस वाटून घेतात. त्याला पूल म्हणतात. एका ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या वहीतल्या एका पानामागे, सध्या ३.१२५ बिटकॉइन मिळतात, म्हणजे दिवसाला ४५०. त्यातला तुमच्या एका यंत्राचा वाटा साधारण ९,००० सातोशी. सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग. ८४ युनिट जाळून ९,००० सातोशी, म्हणजे एका युनिटला जेमतेम १०७. भाच्याच्या ठरावात वीज सगळी तुमची आणि मिळकत निम्मी, तेव्हा तुमच्या हाती येणार ५३. त्याच्यासमोर कागद घेऊन बसा. एका बाजूला ५३ सातोशींची त्या दिवशीच्या भावाने किंमत लिहा, दुसऱ्या बाजूला तुमच्या बिलावरचा एका युनिटचा दर. त्याने हा हिशेब मुद्दाम लपवला असेल असं मला वाटत नाही. उत्साहाच्या भरात विजेचं बिल कुणाच्या नावावर येतं इकडे त्याचं लक्ष गेलं नसेल. आणि हे आजचं गणित आहे. २१०,००० ब्लॉक झाले की बक्षीस निम्मं होतं, सुमारे चार वर्षांनी. एप्रिल २०२४ मध्ये झालं, पुढचं २०२८ मध्ये अपेक्षित आहे.

हा झाला तुमच्या खिशाचा भाग. माझा खरा आक्षेप पुढचा आहे.

मायनिंग या शब्दाने लोकांचा मोठा घोटाळा केला आहे. खाणीत माणसं जास्त लावली की सोनं जास्त निघतं. इथे तसं होत नाही. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, यंत्रणा आपली काठिण्यपातळी बदलते. यंत्रं वाढली की कोडं अवघड होतं, कमी झाली की सोपं. ब्लॉक दर दहा मिनिटांनीच यायला हवा, एवढंच तिला राखायचं असतं. त्यामुळे तुमच्या खोलीतली चार यंत्रं सुरू झाली म्हणून जगात एकही नाणं जास्त पडणार नाही, एकाचाही व्यवहार लवकर होणार नाही. बाकीच्यांच्या वाट्यातलं कणभर तुमच्याकडे येईल आणि महिन्याला दहा हजार युनिट जास्त जळतील.

तुम्ही म्हणाल, मग ही वीज हवीच कशाला? इथे भाच्याचं म्हणणं नीट समजून घ्यायला हवं, कारण वीज वाया जाते एवढंच म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

तुम्हाला वर्गाचंच उदाहरण देते. समजा हजेरीपट बाईंच्या कपाटात नाही, प्रत्येक मुलाकडे त्याची एकेक प्रत आहे आणि सगळ्या प्रती सारख्याच राहायला हव्यात. उद्याचं पान कोणी लिहायचं? बाई वर्गात असत्या तर प्रश्नच नव्हता. बँक म्हणजे त्या बाई. बाई नसतील तर हात वर करून ठरवू म्हणावं, पण या वर्गात चेहरे दिसत नाहीत. एकच मुलगा हजार खोट्या नावांनी हजार हात वर करू शकतो. डिजिटल पैशाची गाडी बरीच वर्षं इथेच अडली होती. नक्कल करायला संगणकात काहीच पडत नाही. एकच नाणं दोघांना दिलं तर खोटं कोण पकडणार?

यावरचा तोडगा निघाला तो नको असलेल्या ईमेलच्या त्रासातून. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्ये सुचवलं की पत्र पाठवणाऱ्या संगणकाला आधी थोडी आकडेमोड करायला लावा. एका पत्राला ती जाणवणार नाही, लाखो पत्रं धाडणाऱ्याला मात्र परवडणार नाही. १९९७ मध्ये ॲडम बॅक यांनी याच धर्तीवर हॅशकॅश आणलं. आणि ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी बिटकॉइनची कल्पना मांडणारा नऊ पानांचा लेख प्रसिद्ध केला. हात मोजू नका, मेहनत मोजा, असा त्याचा गाभा. खोटी नावं हजार घेता येतात, खोटी मेहनत करता येत नाही.

ही यंत्रं गणितं सोडवतात असं सगळीकडे छापून येतं. तुमच्यासारख्या शिक्षिकेला ते वाचून वाटेल की चला, काहीतरी अभ्यास तरी होतोय. तसं काही नाही. कुलपाला एकामागून एक किल्ल्या लावून बघाव्यात तसे ते आंधळे प्रयत्न असतात. ज्याची किल्ली लागते तो खातेवहीचं पुढचं पान लिहितो, बाकीचे सगळे प्रयत्न तिथल्या तिथे टाकून दिले जातात. पण प्रत्येक पान आधीच्या पानाला शिवलेलं असतं. मागचं एखादं पान खोडायचं तर त्यानंतरच्या प्रत्येक पानाची मेहनत पुन्हा करावी लागते, आणि तीही बाकीचं जग पुढची पानं लिहीत असताना, त्याच्याहून झपाट्याने. एवढी वीज कुणाला परवडत नाही म्हणून वही शाबूत आहे. ती वीज म्हणजे पहारेकऱ्याचा पगार आहे.

आता तुमच्या भाच्याची खरी गोष्ट. या पहाऱ्याची गरज कुणाला असते? तुम्हाआम्हाला फारशी नाही. आपलं बँकेत खातं आहे, तक्रार करायला कुणीतरी आहे. पण अफगाणिस्तानातल्या हेरातच्या रोया महबूब यांची गोष्ट मला विसरता येत नाही. त्यांच्याकडे संगणकावर काम करणाऱ्या, लिहिणाऱ्या मुली होत्या. बहुतेकींचं बँकेत खातं नाही, आणि रोख पगार घरी नेला की तो बाप किंवा भाऊ काढून घ्यायचा. २०१३ च्या सुमारास महबूब यांनी त्यांचे पैसे बिटकॉइनमध्ये द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदाच त्या मुलींच्या कमाईवर त्यांच्याखेरीज कुणाचा हात पोहोचेना. नायजेरियात ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा जखमींच्या उपचारांसाठी देणग्या गोळा करणाऱ्या फेमिनिस्ट कोअलिशन या बायकांच्या गटाचं बँकखातं बंद झालं. त्यांनी बिटकॉइन घेतले आणि मदत चालू ठेवली. गुप्त सरकारी कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्सचं देणग्यांचं दार डिसेंबर २०१० मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपाल या तिघांनी बंद केलं होतं, ते २०११ च्या जूनपासून बिटकॉइनमुळे पुन्हा उघडलं. विकिलीक्सबद्दल तुमचं मत काहीही असो, न्यायालयात न जाता तीन कंपन्या एखाद्याचा पैशाचा रस्ता बंद करू शकतात, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

म्हणून भाच्याला वेड्यात काढू नका. ज्याच्या डोक्यावर कुणाचा तरी हात आहे त्याला हा पैसा निरर्थक वाटतो. तो हात ज्याच्या गळ्याशी आहे त्याला वाटत नाही.

आता भाची. तिचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. केंब्रिज विद्यापीठातलं एक केंद्र या विजेचा अंदाज सतत मांडत असतं. २०२५ च्या त्यांच्या अहवालात वर्षाला सुमारे १३८ टेरावॉट-तास हा आकडा आहे, म्हणजे १३,८०० कोटी युनिट. जगात वापरल्या जाणाऱ्या विजेच्या अर्धा टक्का. नॉर्वेसारखा देश वर्षभरात साधारण एवढीच वीज वापरतो. दर सेकंदाला सातच्या आसपास व्यवहार पेलणाऱ्या व्यवस्थेसाठी हे फार आहे, आणि मला ते फार वाटतं हे मी स्पष्ट सांगते.

दुसरं म्हणणं मात्र तिला दुरुस्त करायला सांगा. एकूण वीज भागिले एकूण व्यवहार असा भागाकार करून ते घराचं उदाहरण काढतात. व्यवहाराने वीज खर्चच होत नाही. ब्लॉक भरलेला असो की रिकामा, पहारा तेवढाच चालतो. उद्या सगळ्यांनी व्यवहार थांबवले तरी यंत्रं फिरतच राहतील. वीज ठरते ती मुख्यतः नाण्याच्या भावावरून. भाव चढला की बक्षीस मोलाचं होतं, मग जास्त यंत्रं लागतात, जास्त वीज जळते. म्हणून हेरातच्या एखाद्या मुलीने पगार घेतला त्याने काही बिघडत नाही. 'भाव वाढेल' म्हणून जगभर जे साठवून ठेवतात, त्यांच्यामुळे बिल फुगतं. भाची अधिक कठोर व्हायला मोकळी आहे, पण योग्य जागी.

भाचा याला उत्तर म्हणून हिरव्या विजेचा मुद्दा काढेल. त्याच अहवालात ५२.४ टक्के वीज अक्षय किंवा अणुऊर्जेची असल्याचं म्हटलं आहे. ही माहिती मायनिंग कंपन्यांनीच भरून दिलेली आहे हे त्याने विसरू नये, आणि एकूण विजेतली ३८ टक्के नैसर्गिक वायूपासूनची आहे हेही. मायनिंगचं यंत्र काही मिनिटांत बंद करता येतं आणि जिथे वीज पडून आहे तिथे नेता येतं, हा त्याचा गुण मला मान्य आहे. टेक्सासमध्ये ऑगस्ट २०२३ च्या कडक उन्हाळ्यात रायट नावाच्या कंपनीने यंत्रं बंद ठेवण्याबद्दल ३ कोटी १७ लाख डॉलरची सवलत मिळवली, त्या महिन्यात काढलेल्या नाण्यांहून कितीतरी जास्त. याला वीजजाळ्याची सेवा म्हणणारे आहेत. मला वाटतं, जो भार नसता तरी कुणाचं अडलं नसतं, तो उतरवण्यासाठी सगळ्यांनी पैसे मोजले. आणि दुसरी बाजू यापेक्षा वाईट आहे. चीनने २०२१ मध्ये मायनिंगवर बंदी घातली तशी यंत्रं कझाकस्तानात गेली आणि तिथे विजेची चणचण सुरू झाली. जानेवारी २०२२ मध्ये सरकारला मायनिंगची वीज तोडावी लागली. इराणने मे २०२१ मध्ये शहरं अंधारात जायला लागल्यावर काही महिने मायनिंग थांबवलं. यंत्राला स्वस्त वीज हवी असते, स्वच्छ नव्हे. दोन्ही एकाच ठिकाणी मिळाली तर उत्तम.

मग पहारा स्वस्तात करता येत नाही का? येतो. इथेरियम या बिटकॉइनसारख्याच दुसऱ्या मोठ्या व्यवस्थेने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मेहनतीची पद्धत सोडून तारण ठेवण्याची पद्धत घेतली. नाणी तारण ठेवायची, खोटं लिहिलं तर ती जप्त. विजेचा वापर ९९.९ टक्क्यांहून जास्त घटला. चालू व्यवस्थेत, कुणाचे पैसे न बुडता हे जमलं, आणि अलीकडच्या काळातलं हे मला फार मोठं काम वाटतं. बिटकॉइनवाल्यांचा आक्षेप असा की यात ज्याच्याकडे नाणी जास्त त्याचाच शब्द जास्त. आक्षेप पोकळ नाही. पण मायनिंगमध्ये तरी काय झालंय? अलीकडे बराच काळ दोनच पूलकडे मिळून निम्म्याच्या आसपास ब्लॉक आहेत. तुमच्या खोलीतली यंत्रं अशाच एखाद्या पूलला जोडली जाणार. भाच्याला ज्या विकेंद्रित पैशाला हातभार लावायचा आहे, त्याच्या उलट दिशेला ती ताकद जाईल.

आणखी एक. ही यंत्रं दुसरं कुठलंच काम करू शकत नाहीत. २०१६ मध्ये गाजलेलं यंत्र १,३०० वॉटच्या आसपास घेऊन सेकंदाला १३-१४ टेराहॅश करायचं. आजचं यंत्र तेवढ्या विजेत त्याच्या पाचपट करतं, त्यामुळे जुनं आता बहुतेक ठिकाणी भंगारात. तुमच्या खोलीत चार वर्षांनी तेच चार पेटारे पडून असतील आणि भाचा तोवर दुसऱ्या गावी असेल.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते : यंत्रं नको तर निदान आयुष्याच्या पुंजीतून थोडी नाणी घ्या, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. नोव्हेंबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२ या एका वर्षात बिटकॉइनचा भाव तीन चतुर्थांशाहून जास्त पडला होता. निवृत्तीनंतरचा पैसा अशा झोक्यावर बसवायचा नसतो. 'तुमच्या वतीने आम्ही मायनिंग करतो, दरमहा ठरलेली रक्कम देतो' असं सांगणारा कुणी आला तर दारातूनच परत पाठवा.

भाच्याला असं म्हणा. 'खोली देत नाही, पण खोलीतलं टेबल देते. त्यावर नोड बसव.' त्याला हा शब्द कळेल. नोड म्हणजे पूर्ण खातेवही स्वतःकडे ठेवून प्रत्येक पान नियमाला धरून आहे का ते तपासणारा संगणक. पान लिहायला प्रचंड वीज लागते, तपासायला जवळजवळ काहीच नाही. हातात मावेल एवढा छोटा संगणक आणि एक टेराबाइटची डिस्क पुरते. सगळं मिळून दहा-पंधरा वॉट, दिवसाला अर्ध्या युनिटहूनही कमी. आवाज नाही, उष्णता नाही, मिळकतही नाही. पण कुणी मोठ्या कंपन्या संगनमताने नियम वाकवायला निघाल्या, तर 'हे पान मी मानत नाही' असं म्हणणारे असे हजारो छोटे संगणकच असतात. बिटकॉइनचं विकेंद्रीकरण त्यांच्यावर उभं आहे. त्याला खरंच हातभार लावायचा असेल तर तो इथे लागतो. फक्त पैसे कमवायचे असतील तर तो नोडला नाही म्हणेल, आणि ते त्याचं त्यालाही कळेल.

वही उतरवून घ्यायला काही दिवस लागतात. ती पूर्ण झाली की त्याला सर्वांत पहिला ब्लॉक उघडून दाखवायला सांगा, ३ जानेवारी २००९ चा. त्यात आकड्यांच्या जंजाळात लंडनच्या टाइम्समधला त्या दिवशीचा मथळा लिहून ठेवला आहे : ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवण्याच्या बेतात. भाचीलाही बोलवा. तो मथळा तिथे का लिहिला असेल यावर दोघांचं बोलणं होऊ द्या, आणि निघताना खोलीतला दिवा नेहमीसारखा बंद करायला सांगा.